दुपारची लाट

ट्राउट हा मासा बाईंना आवडत नसे, आणि तरी आयुष्यातली नऊ वर्षं त्यांनी तो पकडण्यात घालवली. बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. बांगडा, सुरमई, पेडवे यांच्यावर वाढलेल्या. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे त्यांच्या मते ओला कागद. "मीठ लाव, लिंबू पिळ, कागद तो कागदच," असं म्हणत त्या पकडलेला मासा मासेमारीची तिकिटं विकणाऱ्या दुकानातल्या आजींना देऊन टाकत आणि त्यांच्याकडून मुळ्याचं लोणचं घेऊन घरी येत. मग एवढ्या लांब जाता कशाला, असं मी एकदा विचारलं.

"मेल्या," बाई म्हणाल्या, "माझ्या वयाची बाई नुसतीच चार तास गुडघाभर पाण्यात उभी राहिली तर लोक पोलिसांना बोलावतात. हातात गळाची काठी असली की कोणी काही विचारत नाही. उलट वाकून नमस्कार करतात."

त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत बाई पाण्याच्या शास्त्रज्ञ होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली पोस्टडॉक. डोंगरावर पडलेला पाऊस नदीत कधी येतो, किती येतो आणि कुठल्या वाटेने येतो, एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी जपानात सव्वीस वर्षं काढली होती. जपानी मंडळी त्यांना 'सेन्सेई' म्हणत, म्हणजे गुरुजी. मी पहिल्या दिवशी 'मॅडम' म्हणालो तर म्हणाल्या, "मॅडम विमानात असतात." आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत एका नव्या सूनबाईने त्यांना 'मावशी' अशी हाक मारली, तेव्हा "मी तुझ्या आईला ओळखत नाही," असं उत्तर तिला मिळालं. शेवटी 'बाई' एवढंच उरलं. शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

दर शनिवारी पहाटे त्यांना नदीवर नेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे पिवळ्या पाटीची, म्हणजे जपानातल्या सगळ्यात लहान गटातली, एक जुनी गाडी होती आणि त्यांच्याकडे परवाना नव्हता. गाडी त्यांना उत्तम येत असे. पण परीक्षेच्या वेळी परीक्षकाने "डावीकडे पुरेसं पाहिलं नाहीत" असा शेरा मारला आणि बाईंनी त्याला "पुरेसं म्हणजे किती अंश?" असं विचारलं. तो गप्प राहिला. बाई उत्तराची वाट पाहत राहिल्या. अजून ते आलेलं नाही, त्यामुळे परवानाही आलेला नाही.

त्यांच्या पिशवीत कायम एक पांढरी बशी असे. बशीच्या मधोमध भोक पाडून त्यात दोरी ओवलेली. ती पाण्यात सोडायची आणि कुठल्या खोलीवर दिसेनाशी होते ते मोजायचं. तेवढं पाणी स्वच्छ. संस्थेत पाण्याचा गढूळपणा मोजायची लाखमोलाची यंत्रं होती, पण बाई म्हणत, यंत्राला पाणी कळतं, पण बघणाऱ्याला काय दिसतं ते कळत नाही. या बशीची दहशत आमच्या सेमिनारमध्येही होती. एखादा विद्यार्थी गोलगोल बोलायला लागला की बाई मागच्या रांगेतून शांतपणे म्हणत, "बशी दिसत नाहीये." जपानी विद्यार्थी घरी जाऊन रडत. मराठी विद्यार्थी चहा प्यायला जात.

नदी आमच्या उत्तरेला, डोंगरांत, दीड तासावर. नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात त्या गावाचा दोष थोडा आणि आमचा जास्त आहे. तिथे मच्छीमारांची एक सहकारी संस्था होती. सभासद बाराच, सगळे सत्तरीच्या आसपासचे. दर वसंतात बाहेर कुठे तरी तळ्यात वाढवलेले ट्राउट ट्रकमधून यायचे, ते नदीत सोडायचे, आणि मग लोकांनी तिकीट काढून ते पकडायचे. मला हा प्रकार पहिल्यांदा कळला तेव्हा, बाजारातून आणलेले आंबे झाडाला बांधून लोकांना पाडायला बोलावल्यासारखं वाटलं. पण सकाळी सहा वाजता बर्फासारख्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे पाहिले, आणि मी गप्प बसायला शिकलो.

मोठा पाऊस पडून गेला की या नदीचं काय होतं, हा बाईंचा खास विषय. पाणी चहासारखं तांबडं असेल तर घरी बसा. ताकासारखं असेल तरी बसा. पण ताकावरच्या निवळीसारखं झालं, तळ दिसतोय न दिसतोय असं, की पळत या. कारण अगदी स्वच्छ पाण्यात मासा तुम्हाला पाहतो आणि दडून बसतो. निवळीत त्याला वाटतं आपण कोणाला दिसत नाही, मग तो काठाजवळ येऊन मोकळा खातो. त्यात हे सोडलेले मासे तळ्यात वाढलेले, वाहत्या पाण्याची सवय नाही. ते मोठ्या दगडांच्या मागे, संथ पाण्यात, घोळक्याने उभे राहतात. बाई म्हणत, "परदेशात नवीन आलेली आपली मंडळी कशी एकाच इमारतीत घर घेतात, तसे."

मच्छीमार संस्थेतर्फे नदीची खबर तिचे अध्यक्ष लिहीत. ती वर्षभर एकच असे: 'मासे उत्साही दिसत आहेत. कृपया सावकाश या.' बाईंना हे सहन होईना. त्यांनी स्वतःहून तिकिटाच्या दुकानाच्या दारावर स्वतःची खबर चिकटवायला सुरुवात केली. जपानी माणसाला ताक कळणार नाही म्हणून त्यांनी मिसो सूपचं, म्हणजे तिथल्या रोजच्या सोयाबीनच्या आमटीचं, माप काढलं: ढवळलेलं मिसो सूप, बसायला लागलेलं मिसो सूप, वरचं स्वच्छ झालेलं. आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'आज येऊ नये. आलात तर निसर्ग पाहावा.' दुकानातल्या आजींनी तो कागद काढला नाही. कोणी तरी त्याचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला, आणि बघता बघता तोक्योहून येणारी माणसं अध्यक्षांची खबर सोडून बाईंची वाचायला लागली. अध्यक्षांनी बाईंना भेटून कमरेत वाकून आभार मानले. "सेन्सेईंची खबर फारच उपयोगी," असं ते दर वेळी म्हणत आणि दर वेळी त्यांचा चेहरा दात दुखत असल्यासारखा असे.

आता बाईंना काय हवं होतं ते सांगतो. त्यांना त्या संस्थेचं सभासद व्हायचं होतं. तिकीट काढून मासे धरणारे पाहुणे शेकडो, सभासद बारा. पुढच्या मार्चमध्ये बाई निवृत्त होणार होत्या. त्या गावात एक रिकामं घर त्यांनी पाहूनही ठेवलं होतं. एकदा परतीच्या वाटेवर मी विचारलं, "बाई, सभासद होऊन वेगळं काय मिळणार तुम्हाला? हे मासे तर तुम्ही खातच नाही."

त्यांनी खिडकीच्या काचेवरचं धुकं बाहीने पुसलं. मग म्हणाल्या, "वेंगुर्ल्यात माझं नाव मतदार यादीतून कधीच गेलं. इथे मतदान नाही. त्सुकुबाला आमचं कंत्राट, त्यामुळे बैठकीत बसायचं पण मत द्यायचं नाही. सभासदांना वर्षातून एकदा सभेत हात वर करता येतो. मला एका तरी ठिकाणी हात वर करायचाय रे."

हे बोलून त्यांनी ताबडतोब गाडीतल्या हीटरविषयी तक्रार सुरू केली. पण मी ते विसरलो नाही.

तीन वर्षं त्यांनी अर्ज केला. तीन वर्षं अध्यक्षांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि "नीट विचार करू," असं सांगितलं. जपानात चार महिने राहिलेल्या माणसालाही याचा अर्थ कळतो. मला बाईंची दया आली. एवढी हुशार बाई, पाण्याच्या पोटातलं ओळखते आणि समोरच्या माणसाचा नकार ओळखत नाही. शेवटी धीर करून मी म्हणालो, "बाई, रागावू नका, पण ते नाही म्हणतायत."

"मला काय कळत नाही?" बाई म्हणाल्या. "पण तोंडाने नाही म्हणत नाहीत तोवर मी हो धरून चालते. ती त्यांची अडचण आहे, माझी नाही."

या माणसापुढे कोण काय बोलणार?

त्या नदीवर बाईंचं एक शास्त्रीय प्रेमही होतं. मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरायला लागे, निवळायला लागे, आणि मग दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला अचानक पुन्हा चढे. वीतभर वाढ, पाणी पुन्हा तांबडं, दोन तासांत सगळं शांत. पाऊस नाही, काही नाही. बाईंनी तिला 'दुपारची लाट' असं नाव दिलं होतं. नऊ वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी सिद्ध केलं, की डोंगराच्या पोटात मुरलेलं पाणी खडकांच्या फटींतून एवढे तास प्रवास करून एकदम बाहेर पडतं. त्यावर चांगला दणदणीत शोधनिबंध छापून आला. दुसरा लेखक मी होतो. आकृत्या माझ्या होत्या, डोंगराचा आडवा छेद निळ्या बाणांसकट मी काढला होता. माझ्या नावावर तेव्हा एकूण चारच निबंध होते आणि नोकरीच्या प्रत्येक अर्जात मी तो सगळ्यात वर लिहीत असे.

मग तो एप्रिल आला. मच्छीमार संस्थेचा मुलांचा दिवस रविवारी होता. ट्रक येणार, मुलांसाठी नदीचा एक उथळ तुकडा दगड लावून राखून ठेवणार, त्यात मासे सोडणार आणि मुलं ते हातांनी पकडणार. आमच्या त्सुकुबातली चार मराठी कुटुंबंही येणार होती, त्यात माझी बायको आणि पाच वर्षांची मुलगी. आणि गुरुवारपासून शनिवार पहाटेपर्यंत पाऊस नुसता कोसळला. शनिवारी दुपारी संस्थेच्या कचेरीत सगळे जमले. मधे रॉकेलचा स्टोव्ह, भोवती बारा म्हातारे, आणि एका बाजूला बाई आणि मी. कार्यक्रम करायचा की रद्द, एवढाच प्रश्न होता. अध्यक्षांनी पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर, बाईंना विचारलं, "सेन्सेई, उद्या पाणी कसं असेल?"

बाई उठल्या. त्यांनी भिंतीवर कागद लावला. त्या क्षणाची त्यांनी नऊ वर्षं वाट पाहिली होती हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. "उद्या सकाळी दहाला निवळ," त्या म्हणाल्या. "साडेनऊला मासे सोडा. दुपारच्या लाटेची काळजी नको. यंदा हिवाळा कोरडा गेला, डोंगर तहानलेला आहे. लाट संध्याकाळी पाचच्या आत येत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. स्टोव्हजवळ नेमोतो-सान म्हणून एक आजोबा शेंगदाणे सोलत बसले होते. वर दोन किलोमीटरवर भातशेतीच्या पाटासाठी एक जुना बंधारा होता, त्याची देखभाल ते करत. "पाचला का," ते म्हणाले. "असं का." आणि पुन्हा शेंगदाणे सोलायला लागले.

रविवारी सकाळी बाईंचं म्हणणं अक्षरशः खरं ठरत होतं. नऊ वाजता पाणी ताकावरून निवळीवर आलं होतं. बशी गुडघ्याएवढ्या खोलीवर दिसत होती. साडेनऊला ट्रक आला आणि दोन टाक्या भरून मासे नदीत सोडले. रबरी बूट घातलेली वीसेक मुलं पाण्यात उतरली. माझी मुलगी सगळ्यात पुढे. बाई काठावर उभ्या होत्या, हात पाठीमागे बांधून, एखाद्या लग्नाच्या यजमानासारख्या. अध्यक्ष त्यांच्या शेजारी उभे होते आणि चक्क हसत होते. माझ्या मनात आलं, आज काम झालं.

दहाला दहा मिनिटं कमी असताना पाणी तांबडं व्हायला लागलं. आधी मला वाटलं मुलांनी तळ ढवळला. मग दगडांची रांग बुडायला लागली. अध्यक्षांनी शिट्टी फुंकली, आणि त्या सगळ्या सत्तरीच्या माणसांनी ज्या वेगाने पाण्यात शिरून मुलं उचलली, तो वेग मी जन्मभर विसरणार नाही. माझ्या मुलीला दुकानातल्या आजींनी काखोटीला मारून बाहेर आणलं. पाणी वीतभरच चढलं होतं, कोणाला खरचटलंही नाही. मासे मात्र गेले. सगळे. खालच्या अंगाला दुसऱ्या गावच्या संस्थेची हद्द लागते, तिथल्या लोकांचा रविवार फार सुखाचा गेला असं नंतर कळलं.

"साकाना वा?" माझ्या मुलीने थरथरत जपानीत विचारलं. मासे कुठे?

तेवढ्यात नेमोतो-सान आपल्या छोट्या ट्रकमधून उतरले. गळ्यात टॉवेल, हात धुतलेले, चेहरा समाधानी. "चला, आजचं काम सकाळीच उरकून आलो," ते म्हणाले. "आता मासे भाजायला मी मोकळा."



"कसलं काम?" बाईंनी विचारलं.

नेमोतो-साननी दोन्ही हातांनी हवेत एक चक्र फिरवून दाखवलं. बंधाऱ्याच्या तळाला गाळ काढायचं एक लोखंडी दार होतं. मोठा पाऊस झाला की बंधाऱ्यामागे गाळ साचतो. तो काढला नाही तर पाट तुंबतो आणि शेतं कोरडी राहतात. म्हणून पाणी जरा उतरलं की दुसऱ्या दिवशी ते दार उघडायचं, अर्धा तास गाळ वाहू द्यायचा, पुन्हा बंद करायचं. त्यांचे वडीलही तेच करत. बाईंनी ते दार एकदा उन्हाळ्यात पाहिलं होतं, आणि वहीत 'गंजलेलं, वापरात नाही' अशी नोंद केली होती.

"रोज किती वाजता उघडता?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"रोज कुठे? मोठ्या पावसानंतरच. जेवून, जरा पडतो, मग दोनच्या सुमाराला जातो," नेमोतो-सान म्हणाले. "आज मुलांचा दिवस म्हणून झोप नंतर घेऊ म्हटलं."

बाई हळूच एका दगडावर बसल्या. नऊ वर्षांच्या नोंदी, डोंगराच्या पोटातला प्रवास, खडकांच्या फटी, माझे निळे बाण. ती सगळी नेमोतो-सानांची वामकुक्षी होती. मला हसू फुटत होतं आणि त्याच वेळी माझ्या चारातला एक निबंध खालच्या गावाच्या हद्दीत वाहून जाताना दिसत होता. मी दोन्ही आवरलं.

पण आदल्या दिवशी कचेरीत बसलेल्या बाराच्या बारा माणसांना ते दार ठाऊक होतं. दुकानातल्या आजींना ठाऊक होतं. सेन्सेईंनी एवढे आकडे मांडले, त्यात नेमोतोचं दार धरलंच असेल, असं प्रत्येकाला वाटलं. खुद्द नेमोतो-सानांनाही. 'दुपारची लाट' म्हणजे डोंगराची काही तरी वेगळी, विद्यापीठातली लाट असणार, अशी त्यांची समजूत होती.

सोमवारी सकाळी मी पोचायच्या आत बाईंनी शोधपत्रिकेच्या संपादकांना पत्र पाठवून टाकलं होतं. निबंध मागे घेत आहोत; लाटेचं कारण डोंगर नसून माणूस आहे. मी म्हणालो, "बाई, निदान मला विचारायचं तरी." त्या म्हणाल्या, "विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास." खरं होतं ते.

नंतरच्या बुधवारी आम्ही माफी मागायला गेलो. तिथली रीतच तशी आहे: मिठाईचा खोका घ्यायचा, दारोदार जायचं, वाकायचं. मागच्या सीटवर तेरा खोके होते, बारा सभासदांचे आणि एक दुकानातल्या आजींचा. बाईंना मी कधी कोणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं. दीड तास गाडीत त्या ओठातल्या ओठात वाक्य घोकत होत्या, तोंडी परीक्षेला निघालेल्या मुलीसारख्या. आणि झालं असं की कोणी त्यांना माफी मागूच देईना. प्रत्येक दारात त्यांच्याहून खाली वाकणारं कोणी तरी निघे. "छे छे, सेन्सेई, चूक आमचीच." "सेन्सेईंना त्रास झाला." "सेन्सेई, चहा तरी घ्या." अध्यक्ष तर इतके वाकले की मला त्यांच्या कंबरेची काळजी वाटली. दर घरानंतर बाई आणखी लहान होत गाडीत येऊन बसत. अकराव्या घरानंतर त्या म्हणाल्या, "संपलं रे. आता जन्मभर पाहुणी."

आजींना खोका देऊन झाला आणि शेवटचं घर उरलं, नेमोतो-सानांचं. ते अंगणात फावडं घासत होते. बाई वाकल्या, वाक्य म्हटलं, खोका पुढे केला. नेमोतो-साननी तो घेतला नाही.

"नऊ वर्षं," ते म्हणाले. "नऊ वर्षं या दारावरून जाता. नमस्कार करता. माझ्या बायकोला पाण्याचं तापमान सांगता. मला कधी एक शब्द विचारलात?"

बाई वाकलेल्याच होत्या.

"चाळीस वर्षं मी त्या बंधाऱ्यावर आहे. नदीला विचारता, बशीला विचारता. माणसाला विचारायला काय झालं होतं? मुलं होती पाण्यात. मला तेव्हापासून झोप नाही. गाव मला बोलतंय, आणि ते बरोबरच बोलतंय, मीही सांगायला हवं होतं. पण तुम्ही विचारायला नको?"

त्यांनी 'सेन्सेई' असं एकदाही म्हटलं नाही. बाईंचं आडनाव घेतलं, मागे नुसतं '-सान' लावून, शेजारणीला हाक मारावी तसं. आवाज चढला होता. आतून त्यांची बायको दारात आली आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं मधे पडावं. मी एक पाऊल पुढे टाकलंही, पण बाईंनी न बघता हाताने मला मागे सारलं.

"काही झालं नव्हतं," बाई म्हणाल्या. "विचारायला हवं होतं. सुचलंच नाही."

नेमोतो-साननी फावडं भिंतीला टेकवलं. जरा वेळाने खोका घेतला आणि बायकोच्या हातात दिला. मग बाईंकडे न बघता म्हणाले, "या पावसाने पाटातही गाळ भरलाय. शनिवारी सकाळी सहाला सगळे काढायला येतायत. उशीर करू नका. फावडं ज्याचं त्याने आणायचं."

जपानात माझी तेव्हा चारच वर्षं झाली होती, पण एवढं मलाही कळलं. पाहुण्याला कोणी गाळ उपसायला बोलावत नाही. मे महिन्याच्या सभेत बाईंचा अर्ज मंजूर झाला, ती नुसती औपचारिकता होती.

परत निघालो, डोंगर उतरलो, मोठा रस्ता लागला. मी चोरून पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"बाई, मनाला लावून घेऊ नका," मी म्हणालो. "म्हातारा माणूस, रागाच्या भरात बोलला."

"गप रे मेल्या," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांत या देशात मला कोणी रागावलं नव्हतं."

रस्त्यात शेतीच्या अवजारांचं एक मोठं दुकान लागलं, तिथे त्यांनी गाडी थांबवायला लावली. आत भिंतभर फावडी टांगलेली होती, टोकदार, चौकोनी, लांब दांड्याची, आखूड दांड्याची. मी सवयीने बाजूला उभा राहिलो. आता त्या प्रत्येकाचं वजन बघणार, कोन मोजणार, तास जाणार. बाईंनी भिंतीकडे एकदा पाहिलं. मग त्या तिथे खोकी लावत असलेल्या माणसाकडे गेल्या, वाकल्या, आणि म्हणाल्या, "पाटातला गाळ काढायचाय. मला यातलं काही कळत नाही. कोणतं घेऊ?"